नेल्लोची शेवटची खूण

नेल्लोला त्यांनी उलटा टांगला, आणि तोही एकाच पायाने. युनियनच्या घरासमोर एल्मचं जुनं झाड होतं, त्याच्या फांदीवरून दोर टाकला, त्याचा एक पाय बांधला आणि वर ओढला. दुसरा पाय गुडघ्यात वाकून लोंबत राहिला. रविवारची दुपार, चर्च नुकतं सुटलेलं, सगळा गाव चांगल्या कपड्यांत उभा. काळे सदरे घातलेली, संप मोडत फिरणारी टोळी लॉरीतून बाहेरगावची आली होती, पण हुकूम सोडत होता तो गावातलाच माणूस, जमीनदाराचा कारभारी गास्पारे. दंडुक्याचा तडाखा बसला की नेल्लो दोरावर गरकन फिरायचा, आणि गास्पारे त्याला खांद्याला धरून त्याचं तोंड पुन्हा लोकांकडे वळवायचा.

"ओळखलंत का रे, कोण हा? जे खेळतात त्यांनी तरी ओळखलं असेल!"

असं म्हणून तो हसला. गर्दीतले पुरुष एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आर्जियाला त्यात हसण्यासारखं काय आहे आणि मान खाली घालण्यासारखं काय आहे, दोन्ही कळलं नाही. ती नेल्लोची थोरली बहीण. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवला होता आणि लग्नबिग्न करायचं राहून गेलं होतं. दोघी शेजारणींनी तिला दंडाला धरून भिंतीशी दाबून ठेवलं होतं. तिने एकीच्या मनगटाचा चावा घेतला, तरी त्या बाईने सोडलं नाही. तागाच्या शेतात राबणारी, बैल उलथवतील असली शंभर माणसं तिथे होती, आणि एकाच्याही हाताला कंड सुटली नाही. त्यांची पाचावर धारण बसली होती असं म्हणून सोडून देता येईल. आर्जियाने काही सोडून दिलं नाही.

लॉरी गेल्यावर त्याला खाली काढला. घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, कारण माडीवर नेण्यासारखा तो राहिला नव्हता. जबड्याचा चुरा झाला होता. डोळे सुजून मिटले होते. बोलायला जायचा तर तोंडातून नुसता रक्ताचा फेस यायचा. आर्जिया त्याच्या डोक्याशी बसून ओल्या फडक्याने तो पुसत राहिली. उजाडता उजाडता नेल्लोने मूठ वळली आणि टेबलाच्या लाकडावर ठक्कन आपटली. तिला वाटलं, पाणी मागतोय. तिने पाणी लावलं तर त्याने मान फिरवली. मग तो हात वर गेला, हवेत बोटं उघडली, आणि तळवा वर करून हात टेबलावर पडला. त्यानंतर त्याने काही केलं नाही. आईला जाताना आर्जियाने पाहिलं होतं. जीव जातो तो असाच, थोडा तडफडून आणि मग सुटून, असं तिला वाटलं.

त्याच्या कोटाच्या खिशात पत्त्यांचा कॅट निघाला. तारोक्कीचे लांबुडके पत्ते, पोरवयापासून तो खिशात घेऊन फिरायचा ते. कडांना रक्त लागून पानं एकमेकांना चिकटली होती. या पत्त्यांना घरात हात लावायची तिला बंदी होती. बायकांच्या हाताला लागले तर पानं रुसतात असं तो म्हणायचा, अर्धं थट्टेत आणि अर्धं खरंच. दर रविवारी गुत्त्यातल्या खिडकीशी चौघांचं टेबल लागायचं. नेल्लो आणि लोहार मेदार्दो हे भिडू, आणि समोर चांभार प्रिमोकाका आणि हाच तो गास्पारे. वर्षानुवर्षं एकाच मेणबत्तीला विडी पेटवणारी माणसं ती. संपात नेल्लो मजुरांच्या बाजूने उभा राहिला आणि गास्पारेने काळा सदरा चढवला, त्या दिवशी टेबल मोडलं.

मातीला मेदार्दो आला, पण लांब कुंपणाशी उभा राहिला. टांगला त्या दुपारी तो भट्टीमागे कोळशाच्या ढिगात लपून बसला होता, हे पोराटोरांनाही माहीत होतं. सगळे गेल्यावर आर्जिया सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मला हे शिकव," ती म्हणाली आणि शालीआडून कॅट काढून दाखवला.

त्याला वाटलं होतं ती थोबाडीत मारेल. तो त्याच तयारीने आला होता.

"हे? आर्जिया, अगं बायका नाही खेळत."

"बायका पुष्कळ काही करत नाहीत. आणि पुरुष काय काय करतात ते मी रविवारी बघितलं. तो निम्मं आयुष्य यांच्यापाशी बसला होता, मेदार्दो. मला यातलं एक चित्रही माहीत नाही. शिकवणार आहेस की जाऊ?"

तो कसला नाही म्हणतोय!

भट्टी दुपारी थंड असायची आणि उन्हाच्या वेळी तिकडे कोणी फिरकत नसे. ऐरणीवर फळी टाकून त्यावर ते पत्ते मांडायचे. मेदार्दोने चिकटलेली पानं एकेक करून सुरीच्या पात्याने सोडवली, पण डाग काही निघाले नाहीत. आर्जियाने पहिल्याच दिवशी विचारलं, "शहरात म्हणे बायका यावरून भविष्य सांगतात. खरं का ते?"

"भविष्य?" मेदार्दो कितीतरी दिवसांनी हसला. "अगं, प्रिमोकाका माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा, पुढच्या हाताला काय टाकणार ते मला कधी कळलं नाही. ही पानं कसलं भविष्य सांगतात!"

चार रंग होते. पेले, नाणी, तलवारी, सोटे. तलवारी आणि सोट्यांत मोठा आकडा मोठा, पण पेल्यांत आणि नाण्यांत उलटं, लहान आकडा मोठ्याला खातो. आर्जिया त्यात सारखी चुकायची आणि चुकली की पत्त्यांनाच शिव्या द्यायची. पेल्यांच्या आणि नाण्यांच्या गुलामाच्या जागी झगा घातलेल्या दोन दासी होत्या. त्या बघून ती म्हणाली, "म्हणजे आत आम्हाला जागा आहे. फक्त टेबलावर नाही." रंगांच्या वरची ती हुकमाची चित्रं. सगळ्यांत वर देवदूत, मग जग, सूर्य, चंद्र. खाली सैतान, कोसळणारा बुरूज, कोयता घेतलेला मृत्यू. एकेक पान ती उजेडात धरून बघायची. नेल्लोच्या बोटांनी कोपरे झिजले होते, त्यावर ती आपली बोटं ठेवायची. रडायची मात्र नाही. कुणासमोर रडणं तिच्यात नव्हतं.

एक दिवस मेदार्दोने पान फिरवलं आणि पटकन झाकायला गेला, पण तिने त्याचं मनगट धरलं. पानावर एक माणूस होता. आडव्या फांदीला एका पायाने उलटा टांगलेला, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून मोकळा सोडलेला.

"हा कोण?"

"बारावा हुकूम."

"नाव सांग."

मेदार्दोने जमिनीकडे बघत सांगितलं. "दगाबाज म्हणतात त्याला. आपल्याकडे जुन्या काळी दगाबाजाला असाच टांगायचे. माणूस हाती नाही लागला तर भिंतीवर त्याचं चित्र तरी काढायचे, असं."

गर्दीतले सगळे बुटांकडे का बघायला लागले, गास्पारे का हसला, ते आता आर्जियाला कळलं. तिच्या भावाला मारायचंच होतं तर मारायचं, पण गास्पारेने त्याचं पान करून दाखवलं होतं, त्यांच्याच रविवारच्या खेळातलं. खेळणारे सगळे ते समजले होते. ती एकटी अडाण्यासारखी भिंतीशी उभी होती.

"तुम्हा सगळ्यांना कळलं होतं," ती म्हणाली.

"मी तिथे नव्हतो."

"तू कोळशात होतास. तेही सगळ्यांना कळलं होतं."

त्याने मान खाली घातली. त्या दिवशी पत्ते तिथेच राहिले. पण दुसऱ्या दुपारी ती पुन्हा आली आणि काही झालंच नाही अशी फळीसमोर बसली. मेदार्दोने चार सारखी पानं काढून ओळीने ठेवली. डोक्याला पट्टे बांधलेले, हातात भाले घेतलेले चार मूर सरदार.

"यांत लहानमोठं कोणी नाही. चौघे सारखे. एकाच हातात एकापेक्षा जास्त पडले तर जो शेवटी पडेल तो आधीच्यांना खातो."

"मग शहाणा तो, जो शेवटपर्यंत थांबतो."

"शहाणा म्हण, नाहीतर नशिबाचा म्हण." मग तो जरा उत्साहात आला, कारण खेळाचं बोलताना त्याला बाकीचं विसरता यायचं. "आता खरी गंमत. आपल्या खेळात बोलायचं नाही, पण भिडूला खूण करायला परवानगी आहे. सगळ्यांदेखत, राजरोस. ज्याची उतारी त्याने पान टाकताना खूण करायची. पहिली ही."

त्याने पान टाकलं आणि सवयीने मूठ फळीवर ठक्कन आपटली.

आर्जियाच्या हातातली पानं खाली पडली. लाकडावरचा आवाज तोच होता. मनगट वळवून आपटायची ती रीतसुद्धा तीच.

"याचा अर्थ काय?"

"काय झालं तुला?"

"अर्थ सांग, मेदार्दो!"

"म्हणजे भिडूला सांगायचं की तुझ्याकडचं मोठ्यात मोठं पान मार, हा हात घे, आणि पुन्हा त्याच रंगाने माझ्याकडे ये."

आर्जियाने त्याला टेबलावरचं सांगितलं. नेल्लोने मूठ वळून कशी आपटली, पाणी लावलं तर मान कशी फिरवली. सांगताना तिचा आवाज चढत गेला. मेदार्दोचं तोंड भट्टीतल्या राखेसारखं झालं. पंधरा वर्षं सोबत खेळलेल्या भिडूने मरताना त्याच्याकडे पान मागितलं होतं, आणि तो तेव्हा कोळशात तोंड खुपसून बसला होता.

"मोठ्यात मोठं मार," तो पुटपुटला. "मला म्हणत होता तो."

"तू नव्हतास. मी होते. मला म्हणाला."

"आर्जिया, थांब जरा. अजून खुणा आहेत. पान टेबलावरून घासत नेतात ती एक, आणि..."

"मला हवं होतं ते मिळालं," असं म्हणून तिने पत्ते गोळा केले, कॅट कमरेला खोचला आणि उठली. "बाकीचं तुझं तुझ्यापाशी ठेव. गास्पारे एकटा कुठे सापडतो ते सांग."

इथे ती बसली असती, आणखी एक घटकाभर, तर ही गोष्ट निराळी झाली असती. पण आर्जियाला अर्धा घास तोंडात असताना उठायची सवय लहानपणापासून होती, आणि मेदार्दोला स्वतःची लाज इतकी झाली होती की तिला हात धरून बसवायचं त्याच्यात बळ नव्हतं. खरं तर त्यालाही बसवायचं नव्हतं. कधी एकदा ती लाज धुऊन निघते असं त्याला झालं होतं.

भादव्यासारखे दिवस आले, ताग कापून झाला. गावाबाहेरच्या तळ्यात तागाचे भारे एकावर एक रचून, वर मोठमोठे दगड ठेवून कुजायला बुडवले. त्या दिवसांत तळ्याचा वास असा सुटतो की तिकडून कोणी नाक धरल्याशिवाय जात नाही, आणि कामाशिवाय तर जातच नाही. गास्पारे मात्र रोज सकाळी घोडीवरून यायचा, भारे नीट बुडालेत का बघायला. जमीनदाराच्या मालाला तो बापाच्या मालासारखा जपायचा.

धुकं होतं. आर्जिया तळ्याच्या काठावर धुणं घेऊन बसली होती. असल्या पाण्यात कोणी धुणं धूत नाही, हे गास्पारेच्या लक्षात यायला हवं होतं.

"काय गं, वेड लागलं का तुला?" तो घोडीवरूनच ओरडला. "या घाणीत कपडे धुतेस? ऊठ!"

"दगड सरकलाय तिकडचा," ती बोट दाखवून म्हणाली. "भारा वर आलाय. बघा."

तो उतरला. काठावर वाकून बघायला लागला. वेळूच्या बेटातून मेदार्दो आला आणि त्याने नालांचा हातोडा त्याच्या डोक्यात घातला. पहिला घाव निसटता बसला, कान फाटून गेला. गास्पारे वळला, मेदार्दोला ओळखलं आणि म्हणाला, "मेदार्दो? तू?" जणू टेबलावर कोणी भलतंच पान टाकलं होतं. मग त्याने कमरेच्या पिस्तुलाला हात घातला, आणि आर्जियाने ओल्या चादरीचा पीळ मागून त्याच्या गळ्यात टाकला. सगळा जोर लावून ओढला. ती तागाच्या भाऱ्यांवर वाढलेली बाई, तिच्या दंडात बळ होतं. तो लाथा झाडत होता, बोटांनी चादर ओरबाडत होता, त्याच्या टाचांनी काठाची माती उकरली गेली. दुसरा घाव मेदार्दोने नीट घातला. हाडाचा आवाज ओल्या लाकडासारखा आला. तिसऱ्याची गरज नव्हती तरी तो मारत राहिला, मारताना रडत राहिला, शेवटी आर्जियानेच त्याचा हात धरला.

"पुरे. हात घेतलास तू."

त्यांनी त्याला भाऱ्यांच्या खाली सारला आणि वर दगड ठेवले. घोडीला पिटाळून दिलं. आर्जियाने धुण्याची टोपली उचलली आणि घरी जाऊन मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवला. पोटभर जेवली. नेल्लो गेल्यापासून तिला पहिल्यांदा भूक लागली होती.

पण कुजवलेला ताग कधी ना कधी काढावाच लागतो. माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरली, दगड हलवले, आणि पहिल्या भाऱ्याबरोबर गास्पारे वर आला. फुगलेला, हिरवट, डोक्याला चौकोनी खळगे पडलेला. चौकोनी तोंडाचा हातोडा गावात एकाकडेच होता.

गास्पारेचा मुलगा तुल्लियो त्या दुपारी टोळी घेऊन आला. मिसरूड फुटलेलं पोर, पण बापापेक्षा तयार. त्यांनी मेदार्दोला त्याच्याच ऐरणीशी ओढत आणला. एरंडेलाची बाटली नरड्यात रिकामी केली. मग त्याचा उजवा हात ऐरणीवर पसरवला, आणि तुल्लियोने तोच हातोडा घेऊन एकेक बोट फोडलं, नखापासून मनगटापर्यंत. "आणखी कोण होतं?" तो दर घावाला विचारायचा. "एकट्याने तू दगड उचललेस? कोण होतं?" मेदार्दो ओरडला, गुरासारखा ओरडला, पण नाव नाही घेतलं. आर्जिया बायकांच्या घोळक्यात उभी होती. त्याने सबंध वेळात एकदाही तिकडे बघितलं नाही, आणि मुद्दाम बघत नव्हता हे तिला समजत होतं. 'मी होते' एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर आले आणि दातांशी अडकले. जिवाची भीती नव्हती. तिचा हिशेब होता की ती मेली तर तुल्लियो उरतो.

शेवटी मेदार्दोला त्याच तळ्यात, त्याच दगडांखाली घातला, आणि तो जिवंत होता. युनियनचं घर जाळलं. प्रिमोकाकालाही सोडलं नाही. तो बिचारा गास्पारेचाच भिडू, पण 'खुन्याबरोबर पत्ते खेळायचास ना' म्हणून म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची बोटं दारात चिरडली. त्या रात्री गावात एकाही घरात चूल पेटली नाही.

आर्जियाने मेदार्दोची खूर तासायची आकडी सुरी भट्टीच्या राखेतून शोधून काढली. दगडावर घासून धार लावली. 'पुन्हा त्याच रंगाने माझ्याकडे ये' असं नेल्लोने सांगितलं होतं, म्हणजे काम अजून संपलं नव्हतं. ती चार मुरांची पानं आठवायची. तिघे पडले होते. शेवटचा पडतो तो सगळ्यांना खातो, आणि ती शेवटची होती असं तिने मनाशी धरलं होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी, एका रविवारी दुपारी, ती शाल पांघरून गुत्त्यात शिरली. सुरी शालीखाली होती. बाई आत आलेली बघून माणसं बोलायची थांबली. तुल्लियो दारूच्या फळीशी, दाराकडे पाठ करून उभा होता, एका हाताने पेला धरून, गुत्तेवाल्याला काहीतरी सांगत. मधे फक्त खिडकीचं टेबल होतं. तिथे प्रिमोकाका तीन नव्या पोरांना घेऊन खेळत बसला होता. मोडलेला उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने पानं धरायचा.

तुल्लियोपर्यंत पोचायला तिला टेबलाला वळसा घालायला हवा होता. ती वळसा घालत होती तेवढ्यात प्रिमोकाकाने उतारी केली. त्याने पान हातातून वर उडवलं. पान हवेत गिरकी घेऊन टेबलावर पडलं, आणि त्याचा हात बोटं उघडून हवेत राहिला, मग तळवा वर करून हळूच खाली आला.

आर्जिया जागच्या जागी थिजली.

"काका, हे काय केलंत?"

"काय? उडवलं." म्हाताऱ्याने वर बघितलं. "बस की, आलीच आहेस तर. भूत बघितल्यासारखी काय करतेस?"

"उडवलं म्हणजे काय?"

"अगं, खूण आहे. भिडूला सांगायचं की या रंगाचं माझ्याकडे आता काही उरलं नाही. हा रंग पुन्हा माझ्याकडे आणू नकोस." तो पोरांकडे बघून म्हणाला, "बघा रे, बाईमाणसाला शिकायची हौस आहे, आणि तुम्ही नुसते जांभया देताय."

"आणि कोणी आधी मूठ आपटली, आणि मग असं उडवलं तर?"

"एका उतारीला एकच खूण करतात. दोन कोणी करत नाही."

"केल्या समजा."

प्रिमोकाकाने क्षणभर विचार केला. खेळातलं काही विचारलं की तो नेहमीच मनापासून विचार करायचा. "मग त्याने पहिली मागे घेतली म्हणायची. आधी मार म्हणाला, मग म्हणाला नको, संपलं, राहू दे. शेवटी केलेली खरी. मुरांचं कसं, शेवटी पडतो तो आधीच्याला खातो, तसंच." मग त्याची नजर तिच्या कमरेला खोचलेल्या कॅटवर गेली. कडांचे काळे डाग त्याने ओळखले. त्याचा आवाज एकदम खाली आला. "कोणी केल्या होत्या अशा?"

फळीपाशी तुल्लियोने पेला ठेवला आणि वळला. तिच्या अगदी जवळून, खांद्याला खांदा घासत गेला. "गुत्त्यात बायका कधीपासून?" असं म्हणून हसला, अगदी बापासारखा, आणि दार ढकलून बाहेर धुक्यात गेला. त्याची उघडी मान तिच्या हाताच्या टप्प्यात होती.

आर्जियाने शालीखालून सुरी काढली आणि टेबलावर ठेवली. टेबलावरच्या पोरांचे डोळे पांढरे झाले. प्रिमोकाका मात्र हलला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हळूच त्या सुरीवर झाकली.

मग तिने मूठ वळून टेबलावर आपटली. तोच हात वर नेला, हवेत बोटं उघडली, आणि तळवा वर करून खाली टाकला, नेल्लोने टाकला होता अगदी तसा. गास्पारे, मेदार्दो, आणि स्वतःचा तो चिरडलेला हात, सगळं एकामागून एक म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आलं.

"पोरी," तो कसाबसा म्हणाला, "मेदार्दोला हे नाही सांगितलंस? ही दुसरी खूण?"

"नाही," आर्जिया म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत, ती हमसून रडायला लागली. "मला वाटलं, जीव जातोय त्याचा."